पेटंटांची मोजणी आणि चाळीस हजारांचा प्रश्न

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे एक टेलिफोन बसवायचा तर एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या घरापर्यंतचा सगळा खर्च धरून सुमारे ४०,००० रुपये लागत असत. ग्राहकाला हा आकडा कधी दिसला नाही, कारण तो दूरसंचार खाते सोसत होते. ग्राहकाला दिसायची ती फक्त प्रतीक्षा यादी, आणि ती वर्षानुवर्षे हलत नसे. मद्रास आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे अशोक झुनझुनवाला यांनी मात्र हा आकडा उलगडून मांडला. गुंतवलेल्या भांडवलावरचे व्याज, यंत्रसामग्रीचा घसारा, देखभाल आणि कारभाराचा खर्च भागवायचा तर गुंतवणुकीच्या साधारण ३५ टक्के रक्कम दरवर्षी वसूल व्हायला हवी, म्हणजे एका जोडणीमागे वर्षाला १४,००० आणि महिन्याला जवळजवळ १,२०० रुपये. एवढे बिल भरणारी घरे त्या काळच्या भारतात, त्यांच्या मांडणीप्रमाणे, शंभरात दोन-तीनच होती. जोडणीचा खर्च १०,००० रुपयांवर आणता आला तर महिन्याचा आकडा तीनशेच्या आत येतो, आणि मग टेलिफोन ही मूठभरांची चैन न राहता देशातल्या फार मोठ्या वर्गाच्या आवाक्यातली वस्तू होते.

हा हिशेब दहावीच्या मुलालाही करता येईल इतका सोपा आहे. तरीही विद्यापीठातले संशोधन उद्योगात कसे न्यावे याविषयी आपल्याकडे आज जी चर्चा चालते, तिच्यात मला हा हिशेब जवळजवळ कुठेच दिसत नाही. दिसतात ते पेटंटांचे आकडे, नवउद्योजकता केंद्रांची उद्घाटने आणि सामंजस्य करारांवर सह्या करतानाची छायाचित्रे. अभियांत्रिकी महाविद्यालयात तीन दशके शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की संशोधन बाजारात पोहोचते ते माणसांबरोबर. ज्यांनी ते काम हाताने केले आणि ते किती पैशांत व्हायला हवे याचा विचार पहिल्या दिवसापासून केला, ती माणसे बाहेर पडली की काम बाहेर पडते. आपण मात्र कागद मोजतो आणि माणसांचा हिशेब ठेवत नाही. झुनझुनवालांची कारकीर्द या मताच्या कसोटीला बरी पडते, कारण तिच्यात यश आणि अपयश दोन्ही भरपूर आहेत.

कोलकात्यात जन्मलेले झुनझुनवाला कानपूर आयआयटीतून १९७५ साली अभियंता होऊन बाहेर पडले. अमेरिकेतील मेन विद्यापीठातून १९७९ मध्ये पीएच.डी. घेतली, दोन वर्षे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकवले आणि १९८१ मध्ये ते मद्रासला रुजू झाले. भास्कर राममूर्ती आणि टिमोथी गोन्साल्व्हिस या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दूरसंचार आणि संगणक जाळ्यांवर काम करणारा ‘टेनेट’ नावाचा गट उभा केला. वर सांगितलेल्या हिशेबातून या गटाने जे उत्तर काढले त्याचे नाव कॉरडेक्ट. एक्स्चेंज ते घर हे शेवटचे अंतर तांब्याच्या तारेने जोडणे हाच सगळ्यात खर्चिक आणि सतत बिघडणारा भाग होता. तार काढून तिथे रेडिओ लहरी वापरायच्या, अशी ती कल्पना. कॉर्डलेस फोनसाठी युरोपात ठरलेले डेक्ट हे मानक त्यांनी घेतले आणि त्यात भारतीय गरजेप्रमाणे भर घातली. घराच्या भिंतीवर एक छोटी पेटी, छतावर काठीला बांधलेला अँटेना, आणि समोर काही नसेल तर दहा किलोमीटरपर्यंत संपर्क. त्याच पेटीतून बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चाले. इंटरनेटचा वेग ३५ किंवा ७० किलोबिट, आज ऐकून हसू येईल असा. पण शहरातसुद्धा मॉडेमची किरकिर ऐकत बसावे लागे तो हा काळ होता, हे विसरता येणार नाही.

यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब तांत्रिक नाही. हे काम पूर्ण करण्यासाठी आणि विकण्यासाठी मिडास कम्युनिकेशन टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभी राहिली ती याच गटातून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने चिप बनवण्यात भागीदारी केली. प्राध्यापक प्राध्यापकच राहिले. म्हणजे तंत्रज्ञानाचे हस्तांतरण म्हणून ज्याला आपण फायलींमध्ये संबोधतो, ते इथे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या तरुणांच्या रूपाने घडले. ज्याने प्रयोगशाळेत सर्किट जुळवले होते तोच उद्या ग्राहकाच्या छतावर चढून सिग्नल का येत नाही ते पाहत होता, आणि परवा तो परत येऊन सरांना सांगत होता की सर, आपले गणित पावसात चालत नाही. असा जा-ये करणारा माणूस पेटंटच्या मसुद्यात लिहिता येत नाही. पेटंटच्या मसुद्यात काय करावे ते असते. काय करून पाहिले आणि फसले ते नसते, आणि उद्योगाला हवे असते ते नेमके हेच दुसरे ज्ञान.

आता अपयशाकडे येतो, कारण ते टाळून ही कारकीर्द सांगणे म्हणजे तिची आरती ओवाळणे होईल. कॉरडेक्टची काही प्रमाणात विक्री झाली, निर्यातही झाली. पण भारताच्या टेलिफोनचा प्रश्न तिने सोडवला असे कोणी म्हणू शकणार नाही. तो सोडवला मोबाइलने. जानेवारी २००१ मध्ये सरकारने साध्या टेलिफोनच्या परवानाधारकांना ‘मर्यादित फिरती’, म्हणजे ठरावीक परिसरात सोबत नेता येणाऱ्या फोनची, सेवा द्यायला मुभा दिली, मोठ्या भांडवलाच्या कंपन्या सीडीएमए हे मोबाइलचे तंत्रज्ञान घेऊन उतरल्या, २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि दर कोसळले. भिंतीवरच्या पेटीपेक्षा खिशातला फोन लोकांना हवा होता, त्याबद्दल लोकांना दोष देता येत नाही. गंमत अशी की झुनझुनवालांचा मूळ प्रश्न, म्हणजे जोडणीचा खर्च उतरल्याशिवाय देश जोडला जाणार नाही हा, शंभर टक्के खरा ठरला. फक्त उत्तर दुसऱ्याच्या हातून आले.

दुसरे अपयश अधिक बोलके आहे. खेड्यात इंटरनेट न्यायचे म्हणून एन-लोग नावाची कंपनी निघाली. तिची रचना केबल टीव्हीच्या धर्तीवर तीन पदरी होती: वर कंपनी, मध्ये तालुक्याच्या ठिकाणचा स्थानिक भागीदार, आणि खाली गावातला केंद्रचालक, जो बहुधा गावातलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असे. संगणक, बॅटरी, वेबकॅम, प्रिंटर आणि कॉरडेक्टची पेटी मिळून सुमारे ५०,००० रुपयांचा संच, तो कर्जावर. तमिळनाडूत मदुराईजवळच्या मेलूर तालुक्यातील केंद्रांतून रोगट पिकाचे छायाचित्र कृषी महाविद्यालयाकडे जाई, डोळ्यांचे छायाचित्र अरविंद नेत्र रुग्णालयाकडे जाई, आणि दाखल्यांचे अर्ज भरले जात. देशोदेशीचे अभ्यासक ते पाहायला आले. पण केंद्र चालवायला महिन्याला सुमारे ३,००० रुपये मिळायला हवेत असा जो अंदाज होता, तेवढे बहुतेक ठिकाणी मिळेनात. फोनचे कॉल हा खेड्यातला हमखास चालणारा धंदा. पण परवान्याच्या नियमांमुळे केंद्रांना त्यावर फारसे विसंबता येत नव्हते. एकेक केंद्र बंद पडत गेले आणि कंपनीही थांबली.

इथे मी कठोर व्हायला तयार आहे. ज्या गटाने टेलिफोनचा हिशेब ग्राहकाच्या बाजूने एवढा चोख मांडला, त्यानेच केंद्रचालकाचा हिशेब आशेवर सोडला असे मला वाटते. डोळे तपासून घ्यायची गरज गावाला असते, पण ती रोज नसते, आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला असतो. उपयोगी वस्तू आणि पैसे देऊन घेतली जाणारी वस्तू यांत फरक असतो, हा फरक प्रयोगशाळेत बसून कळत नाही आणि भाषणांतून तर नाहीच नाही.

पण या दोन्ही अपयशांनंतर काय झाले हे पाहिले की सार्वजनिक धोरणाचा खरा मुद्दा सापडतो. संस्थेने त्यांना बाजूला बसवले नाही. गटातले राममूर्ती २०११ मध्ये मद्रास आयआयटीचे संचालक झाले, गोन्साल्व्हिस मंडी इथल्या नव्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. स्वतः झुनझुनवालांनी पुढची कित्येक वर्षे एका इमारतीच्या मागे घालवली. तरमणी इथे, संस्थेला लागून सुमारे ११ एकर जमिनीवर, आयआयटी मद्रास रिसर्च पार्क उभे राहिले. २०१० मध्ये त्याचा पहिला भाग सुरू झाला आणि आज ते सुमारे १२ लाख चौरस फुटांचे आहे. इमारती आपल्याकडेही आहेत. इथल्या इमारतीत एक अट आहे, आणि ती अट मला सबंध इमारतीपेक्षा मोलाची वाटते. भाडे भरले म्हणून कंपनीला तिथे राहता येत नाही. संस्थेबरोबर तिने किती काम केले याचे गुण मोजले जातात: किती विद्यार्थ्यांना काम दिले, कोणत्या प्राध्यापकाकडे संशोधन सोपवले, कोणाला सल्लागार नेमले. गुण मिळवत राहणे हा तिथल्या वास्तव्याचाच भाग आहे. भाडेकरूने शेजाऱ्याकडे जायलाच हवे, अशी ही सक्ती. दुसऱ्या शब्दांत, मिडासच्या वेळी जे आपोआप घडले होते, ती प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातली माणसांची ये-जा, तिला इथे नियमाचे रूप मिळाले.

या वातावरणातून पुढे काय निघाले ते आता सर्वांसमोर आहे. तिथल्याच अभियांत्रिकी अभिकल्प (डिझाइन) विभागातून शिकलेल्या तरुण मेहता आणि स्वप्नील जैन यांनी २०१३ मध्ये एथर एनर्जी सुरू केली, ती विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी. पहिली स्कूटर ग्राहकाच्या हाती पडायला २०१८ उजाडले. पाच वर्षे कंपनीकडे विकायला काही नव्हते. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्रात कारखाना उभारण्याचे जाहीर केले आणि मे २०२५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २०१७ मध्ये निघालेल्या अग्निकुल कॉसमॉसने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून आपले पहिले चाचणी उड्डाण केले, त्यातले इंजिन त्रिमितीय छपाईने एका तुकड्यात घडवलेले होते. त्या कंपनीच्या मुळाशी त्याच संस्थेतील ज्वलन संशोधनाचे काम आणि सत्या चक्रवर्ती हे प्राध्यापक आहेत. कॉरडेक्टच्या सुरुवातीपासून इथपर्यंत मोजले तर पंचवीस-तीस वर्षे होतात. ज्या सरकारी योजना तीन वर्षांत ‘यशस्वी नवउद्योगांची संख्या’ विचारतात, त्यांनी या तीस वर्षांकडे एकदा शांतपणे पाहावे.

आता थोडे आपल्या अंगणात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अंतिम वर्षाच्या चार मुलांचा एक प्रकल्प होता: शेतातल्या विहिरीची मोटर घरून फोन करून सुरू आणि बंद करायची. महाराष्ट्रात शेतीची वीज आळीपाळीने रात्रीची येते. बाराला लाइट आली की माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, साप-विंचवाची आणि आमच्या भागात बिबट्याची भीती असतेच. मुलांनी फळीवर सगळे मांडले होते, मोटरऐवजी साठ वॅटचा दिवा लावला होता, फोन केला की दिवा पेटायचा. प्रदर्शनाला आलेल्या परीक्षकांनी संगणकाच्या पडद्यावरचे आलेख पाहिले आणि पहिले बक्षीस दिले. मुलांपैकी एकाचे वडील मागे उभे होते. ते पुढे झाले आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले. “दोनच फेज आले तर मोटर जळंल, ते हे वळखतं का? इहिरीला पानी नसलं तर थांबतं का? आन् केवढ्याला पडंल?” पहिल्या दोन्ही प्रश्नांना मुलांकडे उत्तर नव्हते. तिसऱ्याचे उत्तर होते सहा हजार, आणि ते ऐकून वडील काही न बोलता मुलाच्या पाठीवर हात ठेवून निघून गेले. वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा, बाजारात मिळणारा साधा ऑटोस्विच त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत येत होता, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हाला नव्हते.

खरे म्हणजे काम तिथून सुरू व्हायला हवे होते. तीन प्रश्नांची तीन उत्तरे शोधायला आणखी दोन वर्षे, एखादी शिष्यवृत्ती आणि विहिरीवर लावून पाहायला दहा संच एवढेच पुरले असते. झाले असे की संस्थेच्या सूचनेनुसार त्यावर पेटंटचा अर्ज केला गेला. अर्ज केल्यावर तो साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो, आणि जादा शुल्क भरले तर त्याआधीच होतो. आम्ही ते शुल्क भरले. प्रकाशित होणे म्हणजे अर्ज सर्वांना वाचायला खुला होणे, एवढाच त्याचा अर्थ; त्यात नवे काही आहे की नाही हे तपासायला परीक्षणाची स्वतंत्र विनंती मुदतीत करावी लागते, आणि ती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरतात. ती विनंती कोणी केली नाही. करायची गरजही नव्हती, कारण महाविद्यालयांच्या राष्ट्रीय मानांकनात मंजूर पेटंटांबरोबर प्रकाशित पेटंटही धरले जातात आणि आमचा आकडा एकाने वाढला होता. फळी अजून कपाटात आहे. दिवा कोणीतरी काढून नेला.

माझ्या संस्थेला नावे ठेवायला मी हे सांगत नाही. जी मोजपट्टी वरून येते तिच्याप्रमाणेच खाली सगळे वागतात. पण या मोजपट्टीमुळे देशात पेटंट अर्जांचे एक नवेच पीक आले आहे, जे पेरताना कापणीचा विचार कोणाच्याही मनात नसतो. पेटंट निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. औषधांत आणि रसायनांत त्याच्यावाचून पान हलत नाही, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने माशेलकरांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपनीला आपले पेटंट वापरायला देऊन पैसे मिळवून दाखवले, तो प्रसंग भारतीय संशोधकांचा कणा ताठ करणारा होता. पण ते पेटंट एका अशा गटाच्या मागून आले होते जो बहुलकांवर (पॉलिमरवर) वर्षानुवर्षे काम करत होता. आधी गट, मग काम, मग पेटंट. आपण क्रम उलटा केला आहे.

अमेरिकेचा दाखला या वादात नेहमी दिला जातो. तिथे १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशांतून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना मिळाली, आणि मग स्टॅनफर्डला गूगलच्या शोधपद्धतीच्या पेटंटच्या बदल्यात मिळालेले शेअर विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले, ही गोष्ट प्रत्येक परिसंवादात ऐकू येते. ती खरी आहे. पण लॉटरी लागलेल्या माणसाचे छायाचित्र दुकानात लावतात, न लागलेल्यांचे लावत नाहीत. अमेरिकेतही पेटंट वापरायला देणाऱ्या बहुसंख्य विद्यापीठांच्या परवाना-कार्यालयांना आपला खर्चही भागवता येत नाही. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत आले, त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे ते मागे घेतले गेले. ते मागे गेले याचे मला दुःख नाही. मालकी कोणाची हा प्रश्न महत्त्वाचा खरा, पण ज्या घरात धान्यच नाही तिथे कोठाराच्या किल्लीवरून भांडण्यात काय हशील?

प्राध्यापकाने उद्योगात पडू नये असे मानणाऱ्यांचे आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पहिला आक्षेप शिकवण्याचा: सरांचे लक्ष कंपनीत गेले की वर्ग ओस पडतो. दुसरा अधिक गंभीर आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या सहीवर अवलंबून असतो. त्या मार्गदर्शकाचा कंपनीत हिस्सा असेल तर विद्यार्थी आणि स्वस्त मजूर यांच्यातली रेघ पुसट होते, आणि तक्रार करायची तर ती कोणाकडे? विज्ञान आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांना २००९ पासून अशा कंपन्यांत हिस्सा घेण्याची मुभा आहे, आयआयटींचीही आपापली नियमावली आहे. राज्य विद्यापीठांत मात्र याबाबत पुष्कळदा एक तर सरसकट मनाई असते नाही तर सोयीस्कर मौन. माझ्या मते नियम साधा असावा. ज्या कंपनीत मार्गदर्शकाचा हिस्सा आहे तिच्या कामावर त्याचा विद्यार्थी असेल तर हिस्सा नसलेला दुसरा मार्गदर्शक सक्तीचा, आणि प्रबंध केव्हा सादर करायचा हे त्या दुसऱ्याने ठरवायचे. कंपनी चालवायची असेल तर बिनपगारी रजा घ्यावी, सल्ला द्यायचा असेल तर आठवड्यातला एक दिवस. मद्रासला जे घडले त्यातली शिकण्याजोगी गोष्ट हीच की कंपनी चालवायला विद्यार्थी पुढे झाले आणि शिक्षकाने शिक्षकाची जागा सोडली नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे.

तिसरा आक्षेप सार्वजनिक पैशाचा: कर भरणाऱ्यांच्या पैशांतून शोध लागतो आणि नफा खासगी खिशात जातो. याचे उत्तर मला मुंबईत सापडते. पवईच्या आयआयटीतील जीवविज्ञानाचे प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काही कर्करोगांवरचा कार-टी उपचार तयार झाला. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखता येईल असा बदल त्यांच्यात करायचा आणि त्या परत सोडायच्या. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर त्याच्या चाचण्या झाल्या, इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो पवईत सुरू झाला. अमेरिकेत या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तो होतो. तीस-चाळीस लाख रुपयेही सामान्य घराला परवडत नाहीत, हे मी विसरलेलो नाही. पण इथेही पहिल्यापासून समोर ठेवलेला प्रश्न किमतीचाच होता. सरकारला आपल्या पैशांचा मोबदला हवा असेल तर त्याने शेअरच्या टक्केवारीपेक्षा विक्रीच्या किमतीवर अट घालावी, सार्वजनिक रुग्णालयांसाठी वेगळा दर मागावा. कंपनीच्या ताळेबंदातला दोन टक्के हिस्सा तिजोरीत पडून नागरिकाला दिसत नाही. कमी झालेले बिल दिसते.

मग आपल्या राज्य विद्यापीठांत हे का होत नाही? इच्छा नाही, हुशारी नाही, असली उत्तरे आळशी आहेत. माझ्या परिचयाच्या कितीतरी विभागांत शिकवणाऱ्यांपैकी निम्मे लोक तासिका तत्त्वावर आहेत. जूनमध्ये, कधी ऑगस्टमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये मोकळे, पैसे तासाप्रमाणे आणि तेही सहा-सहा महिने तुंबलेले. दोन महाविद्यालयांत तास घेऊन मधल्या वेळात मोटारसायकलवर पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला आपण नवसंशोधन करा, उद्योगाशी नाते जोडा असे सांगतो. टेनेटसारखा गट जमायला दहा वर्षे लागतात. त्यासाठी तीन माणसे दहा वर्षे एकाच इमारतीत असावी लागतात, पुढच्या वर्षी आपण इथे असू याची त्यांना खात्री असावी लागते. रिक्त जागा भरणे हा शिक्षक संघटनांचा पगाराचा प्रश्न म्हणून बाजूला टाकला जातो, पण माझ्या दृष्टीने महाराष्ट्राच्या नवउद्योग धोरणातले ते पहिले कलम असायला हवे. पवईला २००४ पासून आणि पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून नवउद्योगांना जागा आणि आधार देणारी केंद्रे नीट चालली आहेत, ती तिथे कायम नोकरीतले संशोधक आणि चालू प्रयोगशाळा होत्या म्हणून. नुसते केंद्र उचलून जिल्ह्याच्या गावी बसवले की काय होते ते मी पाहिले आहे: प्लास्टिकच्या आवरणाखाली त्रिमितीय छपाईचे यंत्र, भिंतीवर प्रेरक वचने, आणि किल्ली ज्या शिपायाकडे असते तो रजेवर.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये संशोधन आणि विकासासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. रक्कम मोठी आहे आणि ती प्रामुख्याने खासगी उद्योगाकडे कर्ज आणि भांडवलाच्या रूपाने जाणार आहे. त्यातून चांगल्या कंपन्या उभ्या राहतील, पण ज्या विभागात माणूसच टिकत नाही त्या विभागापर्यंत ती पोहोचायला मार्ग नाही. त्यापेक्षा लहान रकमेत करता येण्याजोगे एक काम आहे: अंतिम वर्षाच्या ज्या प्रकल्पाला खरा ग्राहक प्रश्न विचारून गेला आहे, त्या प्रकल्पातल्या मुलांपैकी दोघांना पदवीनंतर दोन वर्षे प्रयोगशाळेत राहण्याइतकी शिष्यवृत्ती द्यावी आणि दहा नमुने गिऱ्हाइकाच्या दारात लावण्याचा खर्च द्यावा. शंभर विभागांत असे झाले तर नव्वद ठिकाणी काही निघणार नाही. त्या नव्वद ठिकाणच्या मुलांना मात्र वस्तू का विकली गेली नाही हे कळलेले असेल.

आमच्या त्या चौघांपैकी दोघे पुण्यात संगणक क्षेत्रात आहेत. तिसरा चाकणला मोटरची नियंत्रणे बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे आणि दोन फेजचा प्रश्न आता त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. चौथा, ज्याच्या वडिलांनी प्रश्न विचारले होते तो, तालुक्याच्या ठिकाणी स्टार्टर आणि ऑटोस्विच दुरुस्त करतो. गेल्या वर्षी मानांकनाचा तक्ता भरताना पेटंटांच्या रकान्याखाली ‘अन्य माहिती’ अशी एक रिकामी ओळ होती, तिथे मी या शेवटच्या दोघांचे काम दोन वाक्यांत लिहिले. कार्यालयातून फोन आला. बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, “सर, याला पुरावा म्हणून काय जोडायचं? प्रमाणपत्र नसेल तर ती ओळ काढून टाकू का?” मी म्हणालो, काढा.